छत्तीस नंबरची दाढ

माझ्या बाबांनी आयुष्यभर दाढेखाली भाताचे दाणे फोडले, पण त्यांची दाढ फोडली ती एका जर्दाळूनं. तो जर्दाळूही माझ्या कंपनीकडून मिळालेल्या दिवाळीच्या डब्यातला. म्हणजे या सगळ्या प्रकाराला मूळ मीच, असं आईचं म्हणणं, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही पुरावा नाही.

डबा मोठा देखणा होता. लाल मखमलीचा, आत चार कप्पे, वर सोनेरी फीत. मी तो ओटीवर सगळ्यांसमोर उघडला आणि कुठल्या कप्प्यात काय आहे ते सांगायचं सोडून आमच्या कंपनीत यंदा कुठलं नवं मशीन आलं ते सांगत बसले. बाबांनी जर्दाळू कधी खाल्लेला नव्हता. त्यांनी तो उचलला, उलटसुलट बघितला, तोंडात टाकला आणि पूर्ण विश्वासानं डाव्या दाढेखाली दाबला.

कट्ट.

हा आवाज आमच्या घरात नवा नव्हता, त्यामुळे कुणी लगेच मान वर केली नाही. बाबा मात्र गालावर हात ठेवून बसले. मग त्यांनी तोंडातून दोन वस्तू काढून तळहातावर ठेवल्या. एक बी आणि एक दाढेचा तुकडा. बी बाजूला सारली. तुकडा उजेडात धरला, नखानं टोकरला आणि म्हणाले, "चांगला सुकलाय."

मग माझ्याकडे वळून, "बाय, येवढ्या मखमलीच्या डब्यात बी कोन ठेवतं गो?"

हसण्यावारी गेलं असतं, पण ती दाढ साधी नव्हती.

आमचं गाव खाडीच्या बाजूचं. अर्ध्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, मातीची भरणी होऊन इमारती उभ्या आहेत, उरलेल्या अर्ध्यात अजून भात होतं. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी, आणि मग ते भात उन्हात पसरायचं. कुणी अंगणात पसरतं, कुणी ताडपत्रीवर, आणि ज्यांची अंगणं बिल्डरकडे गेली ते बिल्डिंगच्या गच्चीवर, वॉचमनशी भांडून. नीट सुकलं की गिरणीत न्यायचं. कच्चं नेलं तर पुढे तांदळाला कुबट वास येतो. फार सुकवलं तर गिरणीत त्याची कणी होते. मधला एक मुहूर्त असतो, आणि तो काढून द्यायचे आमचे बाबा.

लोक मूठभर भात घेऊन ओटीवर यायचे. बाबा त्यातला एक दाणा निवडायचे, डाव्या दाढेखाली ठेवायचे, डोळे मिटायचे. कट्ट. "एक ऊन," म्हणजे अजून एक दिवसभराचं ऊन दाखव. नाहीतर "दोन ऊन." नाहीतर "उद्या ने गिरनीत." आमच्याकडे ओलावा असा उन्हांत मोजतात. बाबा सातवी शिकलेले, पण त्या तीन आठवड्यांत ते ओटीवर परीक्षकासारखे बसायचे आणि गाव उत्तरपत्रिका घेऊन उभं.

आता माझं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी हळू आवाजात सांगत नाही. बी.एस्सी. केलं, मग दातांच्या कॉम्प्युटर डिझाइनचा कोर्स केला आणि सातिवलीच्या एका गाळ्यात नोकरीला लागले. गाळा म्हटलं की लोकांना नट-बोल्ट आठवतात. आमच्या एका बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनतात, दुसऱ्या बाजूला बादल्यांच्या कड्या, आणि मध्ये आम्ही दात बनवतो. दवाखान्यातून पेशंटच्या तोंडाचं थ्रीडी चित्र येतं, त्यावर मी स्क्रीनवर दात बसवते, मशीन तो कोरून काढतं. ग्रॅज्युएट म्हणायला बाबांची जीभ वळायची नाही. ते गावात सांगायचे, "आमची गॅज्वेट कॉम्प्युटरवर दात काढते." 'दात काढते' म्हणजे दिवसभर खिदळते असाही अर्थ होतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर तसं सांगायचे.

तर दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून फुलपाड्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे काम पाठवतात. मूळच्या रत्नागिरीकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आरसा आत घालून बघितलं आणि कॉम्प्युटरवर टाइप करता करता म्हणाल्या, "छत्तीस."

"कोन छत्तीस?" बाबा दचकले.

"तुमची दाढ, काका. प्रत्येक दाताला आमच्यात नंबर असतो. खालची, डावीकडची पहिली मोठी दाढ, तिचा छत्तीस."

बाबांनी खुर्चीत आडवं पडल्यापडल्या माझ्याकडे बोट केलं. "हिच्याशी पन माझा तोच आकडा हाय. शिकली तवापासून."

मी ते मनावर घेतलं नाही, कारण मी सल्ला द्यायच्या घाईत होते. "मॅडम, तुकडा मोठा गेलाय. सरळ काढून टाका आणि इम्प्लांट बसवा. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, वर झिरकोनियाची कॅप. बाबा, तुम्हाला कळणारसुद्धा नाही तोंडात काही आहे म्हणून."

"तेच तर," बाबा म्हणाले.

"काय तेच?"

"मनाच कळनार नाय, तर दाना कसा कळंल?"

मी हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. "काका बरोबर बोलतायत गं. दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं. भातात खडा लागला की क्षणात कळतं ना, ते त्या तंतूंमुळे. इम्प्लांट थेट हाडात रुजतो, त्याला ते अस्तर नसतं. जेवायला छान, पण असला बारीक अंदाज तेवढा येत नाही. आणि यांचं मूळ दगडासारखं आहे. मी कशाला काढू?"

हे सगळं मी वाचलेलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. बाबांनी न वाचता सांगितलं, तेही तोंडात कापसाचा बोळा असताना.

मूळ ठेवायचं ठरलं. पण आतली नस खराब झाली होती, ती काढायला हवी होती. ते ऐकल्यावर बाबा उठूनच बसले. "नस काढली मंग राहिलं काय?"

"आतली नस थंड-गरम सांगते, काका. दाब सांगणारे बाहेरचे. ते आपापल्या जागेवर आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही."

बाबा परत आडवे झाले. चार दिवसांनी नस साफ झाली, मग तुटलेल्या जागी दाताच्या रंगाचा लुकणासारखा मसाला भरला आणि डॉक्टरीणबाईंनी त्यावर निळ्या उजेडाची बत्ती धरली. तो मसाला त्या उजेडानं कडक होतो. बाबांनी गुळणी करून पहिला प्रश्न विचारला, "याला किती ऊन?"

"वीस सेकंद," बाई म्हणाल्या.

बाबांच्या चेहऱ्यावर प्रथमच आमच्या धंद्याबद्दल आदर दिसला.

मग स्कॅनिंग. पूर्वी मापासाठी तोंडात गुलाबी लगदा कोंबायचे आणि पेशंट ओकाऱ्या काढायचा. आता एक कांडी तोंडात फिरवतात आणि समोर पडद्यावर दात एकेक करून उगवत जातात. पाच मिनिटं बाबा तोंड उघडं ठेवून अजिबात बोलले नाहीत. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मना का नाय नेलीस बघायला?"

फाइल दुसऱ्या दिवशी सातिवलीला माझ्या टेबलावर आली. मी चहा बाजूला ठेवला. स्वतःच्या बापाची दाढ करायला किती मुलींना मिळते? खालचा जबडा बघितला, वरचा बघितला. छत्तीस नंबरच्या बरोबर वर जी दाढ असते तिच्या मधोमध एक खळगा होता. लांबट, चांगला खोल, तळाशी चकचकीत. थुंकीचा थेंब किंवा उजेडाची चमक आली की स्कॅनमध्ये असले खोटे खड्डे-उंचवटे येतात. मी ब्रश घेतला, दोनदा फिरवला, जागा गुळगुळीत करून टाकली. मग पेटीतून दाढ निवडली. सॉफ्टवेअरच्या पेटीत तयार दाढा असतात, विशीतल्या पोरांच्या असाव्यात अशा, टेकड्या आणि दऱ्या ठळक. मी त्यातली सगळ्यात देखणी घेतली.

झिरकोनिया म्हणजे चिनी मातीच्या जातीचा पदार्थ, त्याची चकती सुरुवातीला खडूसारखी असते. मशीन तिच्यातून दाढ थोडी मोठीच कोरतं, कारण भट्टीत ती आकसते. भट्टीतून निघाली की मात्र ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. माझ्या बापाला ऐकेल असं मी धरून चालले होते.

बसवायच्या दिवशी बाबांनी आरशात बघितलं. दाढ पांढरी, तुकतुकीत, दोन्ही बाजूंच्या जुन्या दातांमध्ये उभी. "ही माझी नाय," ते म्हणाले. "ही हळदीला बसलेल्या नवऱ्याची हाय."

डॉक्टरीणबाई मात्र सावध. त्यांनी तात्पुरत्या सिमेंटनं बसवली. "आठ-दहा दिवस वापरून बघा, काका. मग पक्की करू."

घरी आल्यावर बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. अंगणातल्या भातातला एक दाणा उचलला, डाव्या दाढेखाली ठेवला, डोळे मिटले. आवाज आला नाही. त्यांनी जिभेनं दाणा शोधला, परत ठेवला. परत काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दाणा थुंकून हातात घेतला. तो अख्खा होता.

"दाना बसत नाय," ते म्हणाले. "घरंगळतो."

"सवय होईल," मी म्हणाले. पेशंटला गप्प करायचं आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं वाक्य.

ते गप्प झाले, आणि मला वाटलं सवय झाली. कारण गाव येतच होतं. मी संध्याकाळी कामावरून यायचे तर ओटीवर कुणीतरी मूठ पुढे करून उभं, बाबांचे डोळे मिटलेले, आणि निकाल, "एक ऊन." लोक खूश होऊन जायचे. मी गाळ्यात सांगितलंसुद्धा, डिझाइन माझं, बघा कसं बसलंय.

शेजारचे काका तेवढे माझ्या डिझाइनवर खूश नव्हते. हे काका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि भांडणाचेही. त्यांनी यंदा ऑनलाइन एक मशीन मागवलं होतं. त्यात मूठभर दाणे टाकले की ओलाव्याचा आकडा येतो. बाबांसमोर ते त्यांनी कधी काढलं नाही, पण शर्टाच्या खिशात त्याचा चौकोन दिसायचा. त्यांचं भात गरवं, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी तयार होणारं. एकदा जाता जाता ते म्हणाले, "माझं गरवं निघंपर्यंत तुझी दाढ बसली तर बरी. नायतर माझ्याकडं हाय इलाज." आणि खिशावर हात ठेवला.

"मशीन आकडा सांगते," बाबा म्हणाले. "मी ऊन सांगतो."

पण ते म्हणताना त्यांनी काकांकडे बघितलं नाही. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

लक्षात आलं रविवारी. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर कुणी बाई भात घेऊन आलेली. आई दाराशी त्यातलंच थोडं भात सुपात पाखडत बसलेली. बाबांनी दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले, गाल थोडा हलवला. मग एक डोळा, अगदी चिमूटभर, उघडला आणि दाराकडे फिरवला. आईनं पाखडता पाखडता सुपाच्या कडेवर दोन बोटं उचलली.

"दोन ऊन," बाबा म्हणाले.

बाई गेली. मी घडी तशीच टाकून आईजवळ जाऊन बसले. "हे कधीपासून?"

"तू दाढ बसवलीस तवापासून."

"आणि तुला कसं कळतं?"

"सुपात पडताना वाजतो ना दाना. वला असंल तर थपथप, सुकला असंल तर सळसळ. लगीन झाल्यापासून पाखडतेय. येवढं नाय कळनार?"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कोनी इचारलं?"

आई सूप झटकत होती. मग आवाज खाली करून म्हणाली, "माझं ऱ्हाऊं दे. त्याचं बघ. माझ्या बोटांवर बोलतो ना, तर मानूस जेवत नाय नीट. दाढ दुखत नाय त्याची. मनातल्या मनात म्हनतो, आता मी फुकटचा बसतो ओटीवर. काकाचं गरवं शुक्रवारी बघायचं हाय. त्याच्या म्होरं मी बोटं नाय दाखवनार, सांगून ठेवते. तो काका काय आंधळा नाय."

"मग मी काय करू?"

"तुझ्या गाळ्यावर ने त्याला. बघूं दे तू काय घातलंस तोंडात."

सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर सातिवलीला आले. गाळ्याच्या दारात चपला काढल्या. मी म्हणाले, राहू दे, इथे कुणी काढत नाही. ते म्हणाले, "तुझ्या कामाची जागा हाय," आणि अनवाणीच आत आले.

आमच्या सरांनी विचारलं, "हे कोण?"

"पेशंट," मी म्हणाले.

"मालक," बाबा म्हणाले. "दाढेचे."

मी त्यांना स्टूल दिलं आणि स्क्रीनवर त्यांचं तोंड उघडलं. कलिंगडाएवढा जबडा गरागरा फिरताना बघून ते आधी थोडे मागे सरकले. मग पुढे वाकले. शेताचा नकाशा बघावा तसे एकेक दात बघत गेले. हा पडला तो पावट्यानं, हा काळा तो तंबाखूनं, हा तुझ्या आजाच्या थपडेनं. मग बोट वरच्या दाढेवर थांबलं.

"हितला खळगा कुठं गेला?"

"तो स्कॅनचा दोष होता, बाबा. मी काढला."

"काढला म्हनजे?"

"गुळगुळीत केला. ब्रशनं."

बाबांनी जिभेनं तोंडातल्या तोंडात वरची दाढ चाचपली. खरा खळगा तिथे होता, तो कुठे जाणार. "बाय," ते अगदी शांतपणे म्हणाले, "त्यात मी दाना ठेवतो. चाळीस सुग्या लागल्या तो पडायला. खाजनात रातोरात भरनी करतात तशी तू माझ्या दाढेत भरनी केलीस?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्चीसकट वळले. सरांनी आपला मोबाइल खाली ठेवला.

मी मूळ फाइल उघडली. खळगा परत दिसला, लांबट, भाताच्या दाण्याच्याच मापाचा, तळाशी चकचकीत. वापरानं झिजलेली जागा चकचकीत असते. हाही प्रश्न परीक्षेला आला होता, याचेही मार्क मला पडले होते. दाणा वर त्या खळग्यात बसायचा आणि खालच्या दाढेवरचा उंचवटा त्याला खालून दाबायचा. मी वरचा खळगा भरला असं कॉम्प्युटरला सांगितल्यावर त्यानं खालचा उंचवटा तिथवर नेलाच नाही. शिवाय खालच्या दाढेवर देखण्या पोराच्या टेकड्या ठेवल्या, त्यांच्या उतारावरून दाणा घसरायला मोकळा. मशीनची काही चूक नव्हती. त्यानं मी सांगितलं तेच केलं. खोटं त्याला मी सांगितलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे वाक्य मी घरात फार वापरत नाही, त्यामुळे बाबांनाच अवघडल्यासारखं झालं.

"चल, चल," ते म्हणाले. "बुजवलंस तू, आता खन."

मग ते स्टूल पुढे ओढून बसले आणि मला शेत लावायला लावलं. "ही टेकडी काप. आनखी. हितं बांध घाल. या अंगाला उतार कमी कर, पानी पळतंय." बांध घाल म्हणजे कड उचल. पाणी पळतंय म्हणजे दाणा घसरेल. दहा मिनिटांत मला त्यांची भाषा सॉफ्टवेअरच्या मेनूपेक्षा सोपी वाटायला लागली. शेवटी मी दोन्ही जबडे स्क्रीनवर मिटवून दाखवले. खालचा उंचवटा वरच्या खळग्यात जाऊन टेकला. बाबांनी तोंडानेच आवाज काढला, "कट्ट," आणि उठले. दाढ अजिबात देखणी राहिली नव्हती. साठीची, झिजलेली, एका बाजूला कललेली. सर बघून म्हणाले, "ही आपल्या जाहिरातीत टाकू नकोस."

शुक्रवारी दुपारी फुलपाड्याला ती बसवली. डॉक्टरीणबाईंनी दातांमध्ये निळा कागद धरून टक टक चावायला लावलं, म्हणजे कुठे उंच असेल तिथे निळा ठिपका येतो.

"कसं वाटतंय, काका?"

"गालाच्या बाजूला एक केस उंच हाय."

बाईंनी बघितलं. गालाच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढा, एक निळा ठिपका. त्यांनी तो घासला, झिलई केली आणि मला म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरला सांग, काकांकडे शिकवणी लाव."

यावेळी पक्कं सिमेंट. घरी येईपर्यंत रिक्षात बाबांची जीभ आत चालू होती, गालावरून दिसत होतं. डिझाइन पुन्हा फसलं असतं तर तिसरी दाढ मी करू शकले असते, आणि चौथीही. पण शेजारच्या काकांचं गरवं त्याच दिवशी होतं, आणि त्यांच्यासमोर दाणा एकदा घरंगळला की पुढच्या वर्षी ओटीवर कुणी आलं नसतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

काका संध्याकाळी आले. एका हातात भाताची मूठ, दुसरा हात खिशातल्या चौकोनावर. आई दाराशी सूप घेऊन बसलेली, काकांच्या मुठीतलं थोडं भात तिनं आधीच मागून घेतलेलं, "खडे बघते" म्हणून.

बाबांनी दाणा निवडायला नेहमीपेक्षा वेळ लावला. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला. डाव्या दाढेखाली ठेवला आणि डोळे मिटले.

कट्ट.

ओटीवरच्या चिमण्या उडाल्या असं मी लिहिणार नाही, चिमण्या नव्हत्या. पण काकांचा खिशावरचा हात खाली आला. बाबांनी डोळे उघडले नाहीत. दोन अर्धुकं जिभेवर घोळवली, परत एकदा दाबली, बारीक. मी दाराकडे बघितलं. आईनं ठरल्याप्रमाणे काही करायचं नव्हतं, पण सवयीनं सुपाच्या कडेवर दोन बोटं वर आलेली होती.

बाबांनी डोळे उघडले आणि दाराकडे न बघता म्हणाले, "एक ऊन."

सूप थांबलं.

"एक?" आई म्हणाली. "दोन!"

"एक."

"अहो, थपथप वाजतंय अजून."

"सूप वलं असंल तुझं."

"माझं सूप वलं? आनि पंधरा दिस कोनाच्या सुपावर..." आईनं वाक्य तिथेच गिळलं, पण काकांचे डोळे चमकले. काका खरंच आंधळे नव्हते.

"दाढ माझी हाय," बाबा म्हणाले.

"दाढ लेकीची हाय. तुमचं नुसतं तोंड."

मी हे ऐकत होते आणि मला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं. पंधरा दिवस त्या ओटीवर दोघांचं एकमत होतं. आज बाबांकडे स्वतःचं मत होतं.

काका बिचारे मधोमध उभे. "गॅज्वेट, तू सांग. तू शिकलेली."

मी एक दाणा घेतला, माझ्या छत्तीस नंबरखाली ठेवला, डोळे मिटले, दाबला. "तूस लागतंय," मी म्हणाले. "बाकी काही कळत नाही."

"येवढी फी भरली," बाबा म्हणाले.

मग काकांनी खिशातून मशीन काढलं. आई आणि बाबा दोघंही त्या मशीनकडे असं बघायला लागले की काकांनी ते पुसल्यासारखं केलं आणि परत खिशात ठेवलं. "जाऊं दे," ते म्हणाले. "दीड ऊन दाखवतो."

शनिवार पूर्ण आणि रविवारी भर दुपारपर्यंत त्यांनी भात पसरलं. दुपारी त्यांनी ताडपत्री गुंडाळली तेव्हा आमच्या ओटीवर आई एका बाजूला तोंड करून शेंगा सोलत होती आणि बाबा दुसऱ्या बाजूला तोंड करून पान चघळत होते, डावीकडे. तिनाची आणि सहाची पाठ जशी असते तशा दोन पाठी.

तांदूळ कसा निघाला, कणी किती पडली, म्हणजे एक खरं की दोन, ते काकांनी त्या दोघांनाही अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलंय. पण मी शिकलेली आहे, मी त्यात पडत नाही.